जा, आधी जेवा

सर्वांना सलाम.

शाळेच्या शतकोत्तर रौप्यमहोत्सवाचं पत्र मुलाने व्हॉट्सअॅपवर वाचून दाखवलं. स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहा, असं त्यात होतं. शाळेने पुष्कळ दिलं. पण कागद पुढे घेतला की शाळा बाजूला राहते आणि बाई समोर येऊन उभ्या राहतात. तेव्हा संपादक मंडळाने समजून घ्यावं. गणिताचे सर, कवायतीचे मास्तर, १९७५ सालची कबड्डीची ढाल यांवर दुसरं कुणी लिहीलच. मी बोर्डिंगच्या बाईंवर लिहिणार.

त्यांचं नाव लिहीत नाही, कारण आपल्यात ते कुणी घेतच नव्हतं. बाकीच्या बायांना शिवणाच्या बाई, भूगोलाच्या बाई अशी पुढे काहीतरी जोड लागायची. या नुसत्याच बाई. पहाटेची घंटा त्यांची, पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, तास त्यांचा आणि कोठीच्या किल्ल्याही त्यांच्याच कमरेला. चर्चचे पाळकसाहेबसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय बोर्डिंगच्या आवारात पाहुणा आणत नसत.

मी बोर्डिंगात आले आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. त्याआधीही पाऊस नीट झाला नव्हताच. बहात्तरला तर त्याने तोंडच दाखवलं नाही. आमच्या गावात गुरं मातीमोल भावाने गेली. आई-वडील पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. तिथे सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची, तिच्यासाठी धाकटी भावंडंही मागे जात. बोर्डिंगात आम्हाला मिलो मिळे, म्हणजे ती परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना फुटे आणि खाताना घशाला लागे. विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरायचं. ताटं राखेने घासून फडक्याने पुसायची, पाण्याने धुवायची नाहीत, असा बाईंचा हुकूम होता.

गावातली पोरं आम्हाला ‘दूधपावडरवाले’ म्हणत. पोटासाठी बाटलेले, असा त्याचा अर्थ. मी रडत येऊन बाईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, “पोटासाठी माणूस काय काय करतो ते त्यांच्याही घरी विचार. आणि दूध पी, थंड होतंय.”

आता त्या पाहुण्यांची गोष्ट. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात बाहेरगावचे एक वक्ते संध्याकाळच्या प्रार्थनेला आले होते. माणूस चांगला असेल, कपडे तर फारच चांगले होते. त्यांनी आम्हा मुलींना समजावून सांगितलं, की हा दुष्काळ म्हणजे आपल्या विश्वासाची परीक्षा आहे. सोनं अग्नीत घातल्याशिवाय शुद्ध होत नाही, आणि ज्याच्या अंतःकरणात उपकारस्तुती आहे त्याला भूक जाणवत नाही. बोलणं लांबलं. आमच्यातल्या दोघीतिघींच्या माना पुढे झुकल्या होत्या, झोपेने नव्हे.

त्यांचं झाल्यावर बाई उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, “मुलींनो, तेरावं स्तोत्र.”

बाईंच्या हाताखालून गेलेल्यांना पुढचं सांगायला नको, पण नव्या मुलांसाठी लिहिते. बायबलमधलं तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा देवाला ‘किती वेळ?’ असं चारदा विचारतो. मला विसरलास का, तोंड का लपवतोस, असं थेट बोलतो. तिसऱ्या-चौथ्यात म्हणतो, माझ्याकडे बघ, नाहीतर मी मरेन आणि माझे वैरी हसतील. मग पाचव्या-सहाव्यात एकदम सूर बदलतो, तुझ्या दयेवर माझा भरवसा आहे, मी गाईन. बाई हे स्तोत्र सरळ म्हणू देत नसत. चौथं वचन संपलं की त्यांचा हात वर जाई आणि आम्ही थांबायचं. हात खाली येईपर्यंत कुणी पाचवं वचन उच्चारायचं नाही. एखादी नवी मुलगी घाईने पुढे गेली की म्हणत, “थांब गं. दाविदाला ते लगेच सुचलं असेल असं वाटतं का तुला?”

तर त्या संध्याकाळी आम्ही चार वचनं म्हटली. ‘किती वेळ’ चारही वेळा मोठ्याने म्हटलं. बाईंचा हात वर गेला. आणि तो खाली येईचना. कंदिलाची वात फुरफुरत होती. पाहुण्यांना वाटलं आम्ही पुढचं विसरलो, त्यांनी स्वतःच पाचवं वचन सुरू केलं. पाळकसाहेब खोकले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मावशींनी जेवणाची घंटा दिली. बाईंनी हात खाली घेतला आणि म्हणाल्या, “जा, आधी जेवा.”

उरलेली दोन वचनं त्यांनी आमच्याकडून जेवणानंतर म्हणवून घेतली. आम्ही ताटांना राख लावत होतो आणि बाई दारात उभ्या होत्या. पाहुणे तोवर निघून गेले होते. पुन्हा काही आले नाहीत.

बाईंना प्रवचनं आवडत नसत असं नाही. पण भुकेल्या माणसाला भुकेचा अर्थ सांगणाऱ्याचा त्यांना राग यायचा. त्याला कारण होतं. त्यांच्या आईला १९०० सालच्या दुष्काळात, ज्याला जुनी माणसं विक्रम संवत १९५६ वरून छप्पनचा म्हणत, गुजरातेतून केडगावला पंडिता रमाबाईंच्या ‘मुक्ती’ आश्रमात आणलं होतं. आली तेव्हा तिला स्वतःचं गावही सांगता येत नव्हतं. आपली शाळाही त्याच दुष्काळातल्या अनाथ मुलांसाठी सुरू झाली, हे मुख्य इमारतीवरच्या दगडात कोरलेलं आहे. त्यामुळे दुष्काळ आणि विश्वास हा विषय बाईंच्या घरातलाच होता.

रमाबाईंची गोष्ट त्या सांगत तशी मी नंतर कुठल्याही व्यासपीठावर ऐकली नाही. लोक सुरुवात करतात ती बाप्तिस्म्यापासून. बाई सुरुवात करत त्या रमाबाईंच्या वडिलांच्या, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या, उपासमारीपासून. पुराणं सांगत तीर्थं हिंडणारं ते कुटुंब. व्रतं झाली, दानं झाली, जवळचं सगळं संपलं. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी चालत अर्धा देश पालथा घालून १८७८ साली कलकत्त्याला पोचले. “संकटात श्रद्धा वाढतेच असं कुणी सांगितलं तर लगेच माना डोलवू नका,” बाई म्हणत. “पंडिता रमाबाईंची होती ती श्रद्धा संकटाने आधी मोडली.” मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात तान्ही मनोरमा. इंग्लंडात १८८३ साली बाप्तिस्मा झाला तो यानंतर. तेव्हाही पंडितांचे प्रश्न संपले नव्हते, तिथल्या धर्ममातांशी त्या वाद घालतच होत्या, हेही बाई आवर्जून सांगत आणि किंचित हसत.

पण १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. आपण उपाशी चाललो होतो ते त्या विसरल्या नव्हत्या. बाईंचं म्हणणं, पंडितांचा विश्वास बघायचा तर तो इथे बघा. त्यानंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्ख्या पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, त्यातही साध्या बायांना वाचता यावं हा हट्ट. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, ज्यांच्या हाती सगळं सोपवायचं ठरलं होतं त्याच. म्हाताऱ्या, कानाने बहिऱ्या झालेल्या आईने काम थांबवलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या आणि १९२४ मध्ये ते पवित्र शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. बाई जन्मल्या त्या बावीस सालच्या. स्वतःचे मालक ऐन तिशीत मिरजेच्या क्षयरोगाच्या सॅनेटोरियममध्ये गमावलेल्या. त्याबद्दल त्या तासाला एक शब्द बोलल्या नाहीत. आम्हाला ते मावशींकडून कळलं.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. स्मरणिकेत ती कितपत शोभेल ते माहीत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशापासून अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की त्या सवलती जातात. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांनी हे सोसलं ते आपल्याला माहीत आहे. माझ्या वडिलांनी भावाच्या फॉर्मवर ‘ख्रिस्ती’ लिहिलं आणि त्याची शिष्यवृत्ती गेली. तो हुशार होता. पुढे एसटीत कंडक्टर म्हणून निवृत्त झाला. शेजारच्या घराने जुनी जात लिहिली, त्यांचा मुलगा इंजिनिअर झाला. चर्चच्या मंडळीत काहींनी त्या घराशी बोलणं सोडलं. बाई मात्र नाताळात पहिला फराळ त्यांच्याकडे नेऊन देत आणि मग आमच्याकडे येत. वडिलांचं त्यांनी कौतुक केलं नाही आणि शेजाऱ्यांना दोषही दिला नाही. भावाला मात्र स्वतःच्या पगारातून वर्षभर वह्या-पुस्तकं पुरवली. मला विचाराल तर याला विश्वासाची कसोटी वगैरे म्हणू नये. हा सरळ अन्याय आहे. वडिलांचा विश्वास त्यात टिकला ही त्यांची थोरवी, आदेशाची नव्हे.

शाळेतून निघाल्यावर मी मिरजेला नर्सिंग केलं. सरकारी नोकरीत मुंबईला आले आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाले. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आज मस्कतपासून ऑकलंडपर्यंत आहेत. थोरली नात यंदा एमबीबीएसला लागली. हे सगळं बाईंना सांगायला मिळालं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, “वॉर्डातल्या आयांना मेट्रनबाई चहा देत होत्या का?” देत होते, बाई.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझे यजमान कोविडने गेले. इतकी वर्षं दवाखान्यात काढूनही मला त्यांच्याजवळ जाता आलं नाही. कबरस्तानात मुलगा आणि प्लॅस्टिकचे कपडे घातलेली माणसं, एवढेच. पाळकांनी फोनवरून प्रार्थना केली, ती मध्येच तुटत होती. त्यानंतर महिनाभर फोनवर वचनं येत राहिली. अग्नीतलं सोनं त्यात होतंच, फुलांच्या चित्रावर. पाठवणाऱ्यांचं प्रेम मला कळत होतं. तरी फोन पालथा घालून ठेवायची.

तेव्हा मी तेरावं स्तोत्र म्हणायची. चौथ्या वचनापर्यंत. पुढे जीभ वळत नसे आणि मी ती वळवलीही नाही. देवाशी भांडण चालू होतं, पण ते त्याच्याशीच चालू होतं, रोज रात्री, नेमाने. मला कुणी सांगितलं असतं की तुझा विश्वास डळमळलाय, तर मी म्हटलं असतं, नाही, बाईंचा हात अजून वर आहे. पाचवं वचन पुढे कधी तोंडात आलं ते नेमकं आठवत नाही. पावसाळा सरला होता एवढं खरं.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेले. इमारत सुंदर झाली आहे. इंग्रजी माध्यम आलं, ते यायलाच हवं होतं. उपासना मंदिरात रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी-टाळांवर म्हणायचो, तिथे आता पडद्यावर शब्द येतात आणि कीबोर्ड वाजतो. मुलं गोड गातात, तक्रार नाही. पण पवित्र शास्त्राच्या तासाला मी मागे बसले होते. मुलांनी वचनं घडाघडा म्हणून दाखवली, सगळी आनंदाची आणि विजयाची. रडणारं एकही नव्हतं. त्या वर्गातल्या एका मुलाच्या बापाने कांदा आणि कर्जापायी विष घेतलं होतं, असं मला बाहेर शिपाईमामांनी सांगितलं. त्या मुलाला म्हणता येईल असं काहीतरी त्या तासाला हवं होतं.

महोत्सव समितीला माझ्या दोन विनंत्या. कार्यालयातल्या १९६८ च्या शिक्षकवृंदाच्या फोटोखाली नावं छापताना बाईंची जागा रिकामी राहिली आहे. दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या, पांढरं लुगडं आणि कमरेला किल्ल्या, त्या बाई. त्यांचं नाव पाळकसाहेबांच्या जुन्या वहीत मिळेल, ते लिहून घ्यावं. दुसरी, बोर्डिंगचं स्वयंपाकघर नव्याने बांधायचं चाललं आहे असं ऐकते. त्याची भांडी माझ्याकडून. पातेली मोठी घ्या, आणि जेवणाची घंटा प्रार्थनेच्या आधीची ठेवा.