टाउन हॉलमधला पोसायडन

आईवडिलांच्या वेळी कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, जोतिबा, फार तर पन्हाळा आणि संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. आमच्या शाळेच्या सहलीत त्यात न्यू पॅलेस आला. आता ग्रुपवर प्लॅन सुरूच होतो मटणापासून, तांबडा-पांढरा कुठं खायचा ते आधी ठरतं, मग कणेरी मठ, मग रंकाळ्यावर रील्स, आणि रांग बघून देवीचं दर्शन.

कणेरी मठ मला आवडला, खोटं कशाला बोलू. मोट, बैल, लोहार, न्हावी, सगळे खऱ्या माणसाएवढे पुतळे, आणि भाच्यांना मोट म्हणजे काय ते तिथंच कळलं. गर्दी मात्र भयंकर.

पण मला लिहायचंय ते सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या टाउन हॉलमधल्या म्युझियमबद्दल. आमच्यातल्या कुणालाच यायचं नव्हतं, "म्युझियममध्ये काय बघायचं?" म्हणून सगळे जेवणासाठी नंबर लावायला गेले, मी एकटाच गेलो. टोकदार मनोऱ्यांची १८७०च्या दशकातली इमारत, बाहेर झाडांची मस्त सावली, आत माझ्याशिवाय एक आजोबा आणि त्यांची नात. आणि तिथं काचेमागं पोसायडन! ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझचा, लहानसा, दाढीवाला. १९४५-४६ साली पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन झालं त्यातून आलेल्या वस्तू इथं आहेत. सातवाहनांच्या काळात रोमन जगाशी आपला व्यापार चालायचा, कोकणातल्या बंदरात माल उतरायचा, तिथून घाट चढून वर यायचा. म्हणजे हा देव जहाजातनं आला, मग सह्याद्री चढला आणि शेवटी पंचगंगेकाठी राहिला, आज आपण गाडीत एसी लावून उतरतो त्याच डोंगरांतनं. मी काचेला नाक लावून किती वेळ उभा होतो काय माहीत. नात आजोबांना विचारत होती, "हा आपला देव आहे का?" आजोबा म्हणाले, "पाहुणा आलाय, बाळ."

मला खरंच वाईट वाटतं, अख्खी गाडी रश्श्यासाठी तास-तासभर थांबते आणि याच्यासाठी कुणाला दहा मिनिटं नाहीत. मटण सोडा असं मी म्हणतच नाही, पांढरा रस्सा मीही तीन वाट्या प्यालो. पण कोल्हापूरला जाणार असाल तर एकाला नंबर लावायला बसवा आणि बाकीचे तेवढ्या वेळात टाउन हॉलला जाऊन या, लहान पोरं असतील तर त्यांना नक्की न्या.