पेन्सिलीच्या आधी

"चार वर्षांची झाली, अजून 'अ' काढत नाही!" बालवाडीच्या दाराशी एक आई म्हणाली. शेजारी मुलगी मुठीत पेन्सिल धरून वहीवर रेटत होती. इतकी, की नख पांढरं पडलं होतं.

ते नख बघायला हवं. मनगटात 8 छोटी हाडं असतात. चौथ्या वर्षी त्यातली बरीचशी अजून कूर्चाच असते, म्हणजे पक्कं हाड न झालेली, मऊ. बोटांत ताकद नसली की जोर खांद्यातून येतो, पकड मुठीची होते, मूल दोन ओळींत कंटाळतं. आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही.

आधी कणीक मळू द्या. कागद फाडणं, बटणं लावणं, चिमटीने चवळी वेचणं (समोर बसून, नाहीतर दाणा नाकात जातो). मग खडूचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा द्या. तो मुठीत मावतच नाही, आपोआप तीन बोटांत येतो. पाटी भिंतीला उभी टेकवली तर मनगटही योग्य वळतं.

रेषांचाही क्रम असतो. उभी, आडवी, गोल, चौथ्याच्या आसपास अधिकची खूण. तिरपी रेषा बऱ्याच उशिरा, म्हणून त्रिकोण साधारण पाचव्या वर्षी.

आणि सुरुवात 'अ'पासूनच कशाला? त्यात दोन वळणं, आडवा दांडा, काना, वर शिरोरेघ. ग, म, भ, न किती सोपी! तरी शाळा पहिल्या आठवड्यात 'अ'च का गिरवायला लावतात?