पारा मेंदूत शिरतो तो अन्नाचं सोंग घेऊन

थर्मामीटर फुटून पोराच्या पोटात पाऱ्याचा थेंब गेला की घरात रडारड होते. खरं तर गिळलेला तसला पारा आतड्यातून ०.०१ टक्काही शोषला जात नाही. वाईट असते ती त्याची वाफ. मिथाइलमर्क्युरीचं उलट आहे. जेवणातून गेलं की सुमारे ९५ टक्के रक्तात उतरतं.

तळ्याच्या तळाशी, प्राणवायू नसलेल्या गाळात काही जिवाणू साध्या पाऱ्याला कार्बन-हायड्रोजनचा छोटा मिथाइल गट जोडतात, तेच मिथाइलमर्क्युरी. मग शेवाळ, किडे, लहान मासा, मोठा मासा असं ते पायरीपायरीने साठत जातं.

रक्तात ते एकटं फिरत नाही. गंधक दिसला की चिकटतं, आणि सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटल्यावर दिसतं थेट मेथिओनिनसारखं. मेंदूची तटबंदी कडक, पण मेथिओनिनसाठी दार उघडावंच लागतं. त्याच दाराने हे आत जातं. वारेतूनही असंच. म्हणून बाळाच्या नाळेतल्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षा जास्त भरतं, आणि आईला काही झालेलं नसताना बाळाचा मेंदू तडाख्यात सापडतो.

पेशीत गेल्यावर तिचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन खर्ची पडतं. सेलेनियमवर चालणारी एन्झाइम्स बंद पडतात. गंधकापेक्षाही पाऱ्याला सेलेनियमची ओढ जास्त. चेतापेशींची देखभाल करणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी ग्लुटामेट (चेतापेशींमधलं निरोप पोचवणारं रसायन) उचलेनाशा होतात, ते साचतं, शेजारच्या चेतापेशीत कॅल्शियम घुसतं आणि ती मरते. मोठ्या माणसात छोट्या मेंदूतल्या दाणेदार पेशी आणि दृष्टीचा भाग आधी जातो: बोटं बधिर, चाल लडखडती, नजर नळीतून पाहावं तशी अरुंद. गर्भात मात्र पेशी अजून जागेवर पोचायच्या असतात; त्यांना आकार देणाऱ्या सूक्ष्मनलिकांची चौकटच मोडल्याने नुकसान सगळीकडे पसरतं.

ज्वारीच्या मुलखात इराकची गोष्ट माहीत हवीच. १९७१-७२ साली तिथे मिथाइलमर्क्युरी लावलेल्या पेरणीच्या गव्हाच्या भाकऱ्या झाल्या. लोकांनी दाणे धुतले, लाल रंग गेला, विष राहिलं. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिलं. त्यांना लगेच काही झालं नाही. लक्षणं काही आठवड्यांनी येतात, तोवर पोतं संपलेलं असतं. ६,५३० जण रुग्णालयात दाखल झाले, त्यांतले ४५९ दगावले. आपल्याकडे उसाच्या बेण्याला लावायचं पाऱ्याचं औषध २०१८ साली बंद झालं. ते रसायन वेगळं, पण कोठीत जुना डबा असेल तर त्याला हात लावू नका. आणि पेरून उरलेलं रंगीत बियाणं, औषध कुठलंही असो, धुऊन दळायचं नाही.

माशांचा हिशेब सोपा आहे. एफएओ-डब्ल्यूएचओ या जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञ समितीची मिथाइलमर्क्युरीसाठीची २००३ सालची मर्यादा आठवड्याला दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम. ५० किलोच्या बाईला ८० मायक्रोग्रॅम. ग्रॅममागे अर्धा मायक्रोग्रॅम असलेल्या माशाचे १६० ग्रॅम खाल्ले की आठवडा भरला, ०.०५ असेल तर १.६ किलो चालतो. म्हणून दिवस गेलेल्या बाईने मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत. तारली, चिलापी खुशाल खावी. मासा सोडू नये, बाळाच्या मेंदूला त्यातली चरबी हवीच असते. तळून, चामडी काढून उपयोग नाही: पारा मांसातल्या प्रथिनाला बांधलेला असतो, तळताना पाणी उडून दर ग्रॅमला उलट वाढतो.

शंका असेल तर लघवी तपासून फारसं कळत नाही, कारण हे मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडतं. रक्त किंवा केस तपासावेत. टाळूलगतचे ३ सेंटिमीटर केस म्हणजे साधारण मागचे तीन महिने. आणि अंगातला धातू बाहेर काढायला पूर्वीपासून देतात ते बीएएल इंजेक्शन इथे देऊ नये. त्याने पारा मेंदूत आणखी जाऊ शकतो.