फ्लॉरेन्सला गेलात तर नदीच्या संगमापर्यंत जा

एप्रिलमध्ये मी आणि आई इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन आलो, तेव्हापासून रोज कोणी ना कोणी विचारून राहिलं की काय काय पाहिलं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकते. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, उफिझी हे चित्रांचं म्युझियम वगैरे तुम्ही पाहालच, त्याबद्दल मी काय वेगळं सांगणार. फक्त दोन गोष्टी, उफिझी सोमवारी बंद असतं, आणि चौकात उभा आहे तो डेव्हिड कॉपी आहे, खरा 1873 मध्येच तिथून हलवून अकादेमिया म्युझियममध्ये नेला, तो पाहायचा तर तिकीट आधीच बुक करा.

कॅथेड्रलच्या, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चच्या, घुमटावर मी एकटीच चढली. 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, आईच्या गुडघ्यांना जमण्यासारखं नव्हतं. पण ज्यांना जमतं त्यांनी चढाच, कारण तुम्ही चढता ते घुमटाच्या दोन कवचांच्या मधून, बाहेरचं एक आणि आतलं एक, आणि मधल्या अरुंद जिन्यात विटा अगदी हाताशी असतात, काही आडव्या काही उभ्या, माशाच्या काट्यासारख्या बसवलेल्या. कॅथेड्रलचं काम 1296 ला सुरू झालं पण एवढा मोठा घुमट कसा उभारायचा हेच कोणाला कळत नव्हतं, शेवटी ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराने 1420 ते 1436 मध्ये खालून लाकडाचा आधार न देता तो बांधला, त्या विटा अशा एकमेकींत अडकवल्या म्हणून वर जाताना निसटल्या नाही. लहानपणापासून आपल्या नागपूरच्या दीक्षाभूमीच्या पोकळ स्तूपात उभं राहून वर पाहिलेलं असलं ना, की हे आतून पाहताना मान आपोआप तशीच मागे जाते.

पण मला खरं सांगायचंय ते नदीबद्दल. आर्नो नदी.

सांता क्रोचे चर्चच्या जवळ सान रेमिजो नावाची छोटीशी गल्ली आहे, तिथे कोपऱ्यातल्या भिंतीवर दोन दगडी पाट्या आहेत, एक 1333 च्या पुराची आणि दुसरी 1966 च्या. पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण. दोन्ही पूर 4 नोव्हेंबरचेच. मी हात वर केला तर 66 ची रेघ माझ्या हाताच्याही कितीतरी वर. आई बराच वेळ तिथेच उभी होती, काही बोलली नाही, मला माहीत होतं ती कुठे पोचली आहे. 23 सप्टेंबर 2023 ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा आमच्या खालच्या खोलीत पाणी होतं, बाबांची पुस्तकं सगळ्यात खालच्या रॅकवर होती, नंतर आठ दिवस आम्ही गच्चीवर ती एकेक पान सुटं करून वाळवली आणि तरी निम्मी गेलीच. फ्लॉरेन्सला 66 मध्ये नॅशनल लायब्ररीत चिखल शिरला तेव्हा कुठून कुठून पोरंपोरी आली आणि हातोहात पुस्तकं बाहेर काढली, तिथे त्यांना चिखलातले देवदूत म्हणतात. सांता क्रोचेत चिमाबुए या जुन्या चित्रकाराने रंगवलेला मोठा लाकडी क्रूस आहे, पुरात त्याचा बराचसा रंग धुऊन गेला, तो तसाच जपून टांगलाय, जिथे रंग गेला तिथे गेलेला दिसतो. मला तो डेव्हिडपेक्षाही जास्त आठवतो.

पोंते वेक्यो हा आर्नोवरचा जुना पूल सगळेच पाहतात. आधीचा पूल 1333 च्या त्याच पुरात वाहून गेला, आजचा 1345 चा. आधी त्यावर खाटकांची दुकानं होती, 1593 मध्ये ड्यूकने त्यांना हटवून सोनारांना जागा दिली, म्हणून आज सगळं सोनंच सोनं. संध्याकाळी फार गर्दी असते, सकाळी सातला जा.

आणि मग पुढे जा, खाली, नदीबरोबर. टुरिस्ट तिकडे फारसे जात नाही. काशिने नावाचा लांबच लांब बगीचा आहे, ट्रामने त्याच नावाच्या स्टॉपला उतरलो आणि तिथून अर्धा-पाऊण तास झाडांखालून चालत गेलो, आईसाठी तीनदा बाकावर बसलो. अगदी टोकाला, मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते तिथे, एक छत्री आहे. हो, आपल्याकडे असते तशी छत्री, खांब, वर घुमट, आणि खाली फेटा घातलेल्या तरुण माणसाचा रंगवलेला अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. शिवाजी महाराजांचे धाकटे चिरंजीव ते नाही बरं, हे कितीतरी नंतरचे, 1850 चा जन्म. 1870 मध्ये इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले, आणि परत येताना 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्सला वारले. त्या काळात तिकडे दहन करत नसत, पण खास परवानगी मिळाली आणि रात्री या संगमावर अग्नी दिला. संगमच शोधला बघा, इतक्या लांब. 1874 मध्ये ही छत्री झाली, डिझाइन चार्ल्स मँटचं, ज्याने नंतर कोल्हापूरचा न्यू पॅलेस केला. तिथली लोकं या जागेला नुसतं 'इंदियानो' म्हणतात, बाजूच्या मोठ्या पुलालाही तेच नाव आहे.

आपण भोसल्यांच्या छत्र्या पाहत मोठे झालेले लोक, त्यामुळे परदेशात ती पाहून काय होतं ते मला नीट सांगता येत नाही. आईने चप्पल काढली, रेलिंगच्या बाहेरूनच हात जोडले. आसपास कोणी नव्हतं, एक काका कुत्रा फिरवत होते तेवढेच. मग तिने विचारलं की नदी कोणत्या बाजूला आहे, आणि त्या बाजूला तोंड करून पुन्हा हात जोडले.

परत येताना बाकावर पाणी पिताना एकदम म्हणाली, "वीस वर्षांचा होता गं फक्त. घरी कळायला किती दिवस लागले असतील?"

ट्राम येईपर्यंत आम्ही तेच बोलत होतो.