खाडीचा नकाशा: रोपं पुसली, पाणी सोडलं

मंडळी, ठाणे खाडीवर मी जो संगणकावरचा खेळ बनवतोय, त्याची मागची नोंद दिवाळीच्या आधीची होती. तेव्हा नकाशाच्या काठाने तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, हिरवी पट्टी उभी राहिली होती आणि तिची चित्रं मी तुम्हाला मोठ्या हौसेने दाखवली होती. ती पट्टी आता नाही. होळीच्या आधी सगळी पुसून टाकली आणि खेळाचा गाभा पुन्हा लिहिला. कारण मोठं आहे, म्हणून नोंदही थोडी मोठी.

नवीन आलेल्यांसाठी आधी दोन शब्द. मार्च २०२३ मध्ये ‘टेरा निल’ हा संगणकावरचा खेळ आला, केप टाउनच्या फ्री लाइव्ह्ज या स्टुडिओचा. शहरं वसवण्याच्या खेळांच्या बरोबर उलट त्याची चाल. ओसाड, विषारी जमीन हातात मिळते. यंत्रं लावून माती स्वच्छ करायची, हिरवळ आणायची, तिच्यातून वेगवेगळे अधिवास घडवायचे, प्राणी परतले की लावलेलं एकूण एक यंत्र मोडून गोळा करायचं आणि निघून जायचं. त्यातला उष्णकटिबंधीय भाग मी इतक्या वेळा खेळलो की ऐरोलीच्या पुलावरून जाताना खाली बघून मनात चौकटी पाडायला लागलो. आपल्या दारात उष्णकटिबंधीय खाडी असताना दुसऱ्याचं बेट का दुरुस्त करायचं? म्हणून गोदो या खेळ बनवण्याच्या इंजिनवर, रोज रात्री जेवणानंतर तासभर, हा खेळ बांधतोय. ९६ बाय ६४ चौकटींचा नकाशा, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भराव, बांध आणि मेलेलं खाजण (भरतीच्या पाण्यावर जगणारी खारी दलदल).

प्रवाळ यात नाही, हे पुन्हा सांगतो, कारण दर वेळी कोणीतरी विचारतं. प्रवाळाच्या आत राहणाऱ्या शेवाळाला ऊन लागतं, त्यासाठी पाणी उथळ आणि नितळ हवं. ठाणे खाडीचं पाणी गाळाने गढूळ असतं. इथे प्रवाळ दाखवणं म्हणजे खाडीचा अपमान. गाळ हीच तिची श्रीमंती आहे.

आता मूळ मुद्दा.

जुन्या नियमात पाण्याला लागून असलेल्या कुठल्याही चौकटीत रोप लावता यायचं. चार हंगामांत झाड, दहा झाडांचं जंगल, जंगल झालं की गुण. भाच्याला खेळायला दिलं तर त्याने अर्ध्या तासात पाण्याच्या कडेपर्यंत सगळा चिखल तिवरांनी भरून टाकला. नकाशा हिरवागार, गुण पूर्ण, आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा आकडा शून्य. मी दोन आठवडे पक्ष्यांच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. तिथे चूक नव्हतीच.

फेब्रुवारीत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडीने गेलो. ओहोटी लागलेली. तिवरांची रांग संपते तिथून पुढे उघडा, चकचकीत चिखल, आणि त्या चिखलावर माना खाली घालून हजारो रोहित. झाडांत एकही नाही. लहान रोहित चोच उलटी करून पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, त्याला उघडा चिखल आणि जेमतेम पायभर पाणी लागतं. माझ्या नकाशावर तोच चिखल झाडांखाली गाडला गेला होता. ठाणे खाडीच्या रोहित अभयारण्याचे आकडे मला पाठ होते: २०१५ ची घोषणा, एकूण १६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाण्याचा भाग. जवळजवळ अर्धं क्षेत्र झाडांचं नाही, हे त्या आकड्यातच लिहिलेलं होतं. होडीत बसून ते पहिल्यांदा नीट वाचलं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. फिलिपिन्समध्ये वर्षानुवर्षं कांदळाची रोपं समुद्राकडच्या उघड्या चिखलात लावली गेली आणि त्यातली बहुतेक मेली, कारण ती जागा झाडांची नव्हतीच, फार वेळ पाण्याखाली राहायची. फ्लोरिडातले पाणथळींचे अभ्यासक रॉबिन लुईस आयुष्यभर हेच सांगत राहिले की आधी जमिनीची उंची आणि पाण्याची वाट दुरुस्त करा, बी बहुतेक ठिकाणी आपण होऊन येतं. त्यांचा ठोकताळा असा की कांदळवनाची जमीन साधारण ३० टक्के वेळ पाण्याखाली आणि बाकीचा वेळ उघडी असावी. हा आकडा मी भिंतीवर चिकटवला.

त्यावरून नवीन भरती लिहिली. आधी ती साध्या लाटेसारखी वर-खाली व्हायची. आता ती तिथीवर चालते. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणकी करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. आजी हा हिशोब बोटांवर करायची. कोडमध्ये पाऊणऐवजी तिथीमागे ४८ मिनिटं धरली, कारण पाऊणकीने तिथीमागे तीन मिनिटं मागे पडतात आणि अमावास्येपर्यंत पाऊण तासाचा फरक साचतो. दिवसाला दोन भरत्या, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. पडद्याच्या कोपऱ्यात आता घड्याळ नाही, चंद्र आहे. तो बघूनच खेळाडूने ओळखायचं की आज पाणी बांधापर्यंत चढणार की नाही.

प्रत्येक चौकटीला सेंटिमीटरमध्ये उंची दिली. दर पंधरवड्याला खेळ मोजतो की ती चौकट किती तास पाण्याखाली होती. सतत बुडालेली असेल तर बी रुजत नाही. कधीच बुडत नसेल तर माती खारट होऊन तडकते आणि तिथेही काही उगवत नाही. मधल्या पट्ट्यात झाडं आपापली जागा घेतात: खाली पाण्याकडे चिप्पी, मध्ये तिवर, वरच्या कोरड्या बाजूला गेवा. गेव्याच्या दुधी चिकाने डोळ्यांना इजा होते, म्हणून त्या पट्ट्यातून कामगार पाठवला तर तो हळू चालतो. एवढंच, पण मला हा तपशील फार आवडतो.

हे सगळं झाल्यावर मी निर्धास्त झालो होतो. मग दिवा कोळीवाड्यात राहणाऱ्या, उभं आयुष्य खाडीत जाळं टाकलेल्या एका काकांना लॅपटॉप दाखवला. त्यांनी बराच वेळ पाणी चढताना बघितलं आणि विचारलं, “ह्या बांधाच्या मागं पानी कुठून येतंय?”

कुठूनच येत नव्हतं. म्हणजे पाण्याची पातळी वाढली की त्या उंचीखालची प्रत्येक चौकट ओली व्हायची, मध्ये बांध असो की रस्ता. माझं पाणी जमिनीतून उगवत होतं. काका म्हणाले, “पानी वाटेनं येतं रे. वाट बुजली की खाजण मेलं. निवट्या जातात, चिंबोऱ्या जातात, मग झाडं.” (निवट्या म्हणजे चिखलावर उड्या मारणारे मासे, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे.) ते हातवारे करून सांगत होते की मोठ्या खाडीतून फाटा, फाट्यातून ओहोळ, ओहोळातून बोटाएवढ्या रेघा. पाणी आत जसं येतं तसंच बाहेर जायला हवं, साचलं तरी झाड मरतं, असंही म्हणाले. तिवराची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांना ओहोटीची हवा लागते. पाणी कोंडलं की ती गुदमरतात.

त्या रात्री पहाटेपर्यंत बसलो. आता भरती खाडीच्या मुखापासून सुरू होते आणि शेजारच्या चौकटीत वाट असेल तरच पुढे सरकते. ओहोटीलाही तोच नियम उलटा. बांध दिसला की थांबते. नियम चारच ओळींचा आहे, पण नकाशा पहिल्यांदा चालवला तेव्हा भरावामागचा सगळा भाग तपकिरी राहिला आणि त्याचं कारण दोन चौकटींचा एक बुजलेला ओहोळ होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझ्या नकाशाने मला काहीतरी दाखवलं.

रोपं लावायचं बटण काढून टाकलं. आता खेळाडूच्या हातात तीन कामं आहेत: ओहोळ मोकळा करणं, बांधाला उघाडी बसवणं, आणि जमीन थोडी कापणं किंवा चढवणं. उघाडी हा शब्द रायगडच्या खारभूमीतला, भरतीला पाणी अडवणारी आणि ओहोटीला आतलं पाणी सोडणारी बांधातली दारं. खेळात मात्र ती दोन्ही बाजूंनी कमी-जास्त उघडता येतात, एवढी मोकळीक मी घेतली. बी पावसाळ्यात भरतीबरोबर तरंगत येतं. तिवराचं छोटं, चपटं, कांदळाचं शेवग्याच्या शेंगेसारखं लांब, झाडावर असतानाच मोड आलेलं. कुठे अडकेल ते पाणी ठरवतं.

याने खेळ संथ झाला, हे खरं. पहिली दोन वर्षं (खेळातली) जवळजवळ काहीच हिरवं होत नाही. चाचणीला बसलेल्या दोघांनी तिथेच सोडून दिलं. वेग वाढवा असं दोघंही म्हणाले. मी वाढवणार नाही. त्याऐवजी त्या काळात बघण्यासारखं काहीतरी दिलं: ओहोळ उघडल्यावर पहिल्या उधाणाला निवटी येते, मग चिंबोऱ्यांची बिळं दिसतात. बिळांनी चिखलात हवा खेळते, म्हणून बिळांच्या चौकटीत बी लवकर रुजतं. ज्याला निवटी दिसली तो पुढे खेळत राहतो, आतापर्यंत तरी असंच झालंय.

कचऱ्याचा नियमही घातलाय. वाहून आलेलं प्लास्टिक श्वसनमुळांना गुंडाळतं आणि ते झाड दोन हंगामांत वाळतं. काढायला माणसंच लागतात, यंत्र नाही.

पक्ष्यांचं गणित अजून अर्धवट आहे आणि तिथे तुमची मदत हवी. ओहोटीला रोहित खाडीच्या चिखलावर चरतात, भरतीला तो चिखल बुडतो, मग ते नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सच्या बाजूच्या पाणथळींवर विसाव्याला उडतात आणि पाणी उतरलं की परत. म्हणजे एक जागा पुरत नाही, दोन लागतात आणि मधली हवाई वाट मोकळी लागते. माझ्या नकाशाच्या पूर्वेला असं एक तळं आहे. त्याचा खाडीशी जोडलेला ओहोळ बुजला की तळ्याचं पाणी चढतं-उतरतं राहत नाही, आणि पक्षी तिथे उतरत नाहीत. इथपर्यंत बरोबर चालतंय. पण उधाणाच्या दिवशी सगळे थवे एकाच चौकटीत गोळा होऊन खेळ अडकतो. जागा वाटून देण्याचा सोपा उपाय कोणाकडे असेल तर सांगा.

शेवट कसा करायचा यावर खूप विचार केला. टेरा निलमध्ये सगळं आवरून निघून जायचं असतं, आणि तो क्षण मला आजही सुंदर वाटतो. पण खाडीत माणसं आहेत. जिताडा आणि बोय पकडणारे, ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायका. त्यांना नकाशावरून उचलून खाडी बरी झाली असं मी म्हणू शकत नाही. म्हणून खोदयंत्रं, पंप, तात्पुरते रस्ते हे सगळं शेवटी काढावं लागेल. उघाड्या राहतील आणि होड्या राहतील. कोळीवाड्याच्या धक्क्यावरून होडी निघून, ओहोळांतून फिरून, जाळ्यात मासे घेऊन त्याच भरतीच्या फेरीत परत आली की डाव पूर्ण. होडीचा मार्ग लिहून झालाय. परतीला ती अजून ओहोटीत चिखलावर अडकते, कारण निघण्याची वेळ मी घड्याळाने ठरवली होती. ती तिथीवरून ठरवायची आहे, या शनिवारी तेच काम.