बाबांचा पहिला प्रश्न: याची जमीन किती?

आमच्याकडे पिक्चर सुरू झाला की पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाबांचा प्रश्न येतोच येतो, "याची जमीन किती हाये वं?" हिरो खेड्यातला असेल तर जमीन किती, ओलिताची का कोरडवाहू, आणि शहरातला असेल तर मग याचं पोट कशावर आहे, घरभाडं कोण भरते. याचं उत्तर मिळेपर्यंत बाबा पिक्चरमध्ये शिरतच नाहीत, गाणी होऊन जातात, हिरोईन येऊन जाते, आणि बाबा आपले हिशोबातच. कित्येक पिक्चर असे आहेत की शेवटपर्यंत कळत नाही हा माणूस खातो काय, मग बाबा म्हणतात "खोटा हाये" आणि त्यांचा निकाल झाला. मला विचाराल तर पिक्चर पारखायची यापेक्षा चांगली रीत मी कुठं वाचलेली नाही, आणि मी पिक्चरवरचं खूप वाचते.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, कापूस आणि तूर, आणि विहिरीला पाणी असलं तर हिवाळ्यात हरभरा. मी तालुक्याला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते, रोज एसटीनं जाणं-येणं. गावात रेंज म्हणजे कधी आहे कधी नाही त्यामुळे पिक्चर मी तालुक्यालाच मोबाईलमध्ये डाउनलोड करून आणते, आणि पाहायची खरी जागा म्हणजे वावरातली मचाण. हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरं आणि रोही (नीलगायी) येतात, एका रात्रीत अर्धं वावर लोळवून टाकतात, म्हणून जागलीला जावंच लागते. दादा पुण्याला कंपनीत गेला तेव्हापासून बाबा एकटेच जात होते. मग मी म्हटलं मी येते. आईचा विरोध होता, पोरीच्या जातीनं रातची वावरात कशाला, पण बाबा म्हणाले "येऊ दे, मले झोप लागते एकट्याले."

तर तिथं आमचं थेटर असं की मोबाईल मचाणीच्या बांबूला बाबांच्या दुपट्ट्यानं बांधायचा, बाबांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर, कारण चष्म्याचा नंबर वाढलाय, दोघांच्या अंगावर एक घोंगडी, थर्मासमध्ये चहा, आणि आवाज फुल. आवाज फुल ठेवायचं कारण डुकरं. फायटिंगचा पिक्चर असला की ती धुऱ्याजवळ फिरकत नाहीत हा बाबांचा अनुभव, पण रडायचा पिक्चर असला की त्यात मधेमधे सगळं शांत होते, मग बाबा शेजारी ठेवलेला तेलाचा रिकामा पिपा काठीनं बडवतात आणि मला म्हणतात, मागं घे, ते काय बोलली ते ऐकू नाई आलं. असा दीड-दोन तासाचा पिक्चर आम्हाला तीन-साडेतीन तास पुरतो. आता शेजारच्यांनी झटका मशीन (कुंपणाच्या तारेत हलका करंट सोडणारी) बसवली, आम्हीही बसवू कधीतरी, पण मला त्याची घाई नाही.

बाबा सातवी शिकलेत. लहानपणी जत्रेत तंबूतली टॉकीज यायची तिथं त्यांनी 'मदर इंडिया' पाहिला, बंडी जुंपून अख्खं घर गेलं होतं म्हणे, आणि आजही गावात कोणी व्याजानं पैसे देणारा दिसला की बाबा त्यातल्या सावकाराच्या नावानं हळूच म्हणतात "सुखीलाला आला". पुढं गणपतीत गावात व्हीसीआर भाड्यानं यायचा, रात्रभर तीन पिक्चर, सकाळी लाल डोळ्यांनी सगळे निंदायला. म्हणजे पाहिलंय त्यांनी पुष्कळ, पण त्यावर बोलायला कोणी नव्हतं. आजोबांसमोर पिक्चरचं नाव काढायची सोय नव्हती. आता दोन वाजेपर्यंत बोलतात, मचाणीवर तर बोलतातच आणि सकाळी मी एसटीसाठी आवरत असताना मोरीच्या दाराशी येऊन उरलेलं बोलतात.

एकच पिक्चर मला असा सापडला ज्याच्या नावातच बाबांच्या प्रश्नाचं उत्तर होतं, बिमल रॉय यांचा 1953 चा 'दो बिघा जमीन'. बाबा खूश. लगेच विचारलं बिघा म्हणजे एकरात किती, मी म्हटलं भागाभागात वेगळा असतो, तर म्हणाले जाऊ दे, अल्पभूधारक समज. त्यात बलराज साहनीचा शंभू समजतो की जमीनदाराचे 65 रुपये देणे आहेत, भांडीकुंडी विकून तेवढे जमवतो, आणि कागदावर निघतात 235. त्या ठिकाणी बाबांनी स्वतःच पिक्चर थांबवला (थांबवायचं कुठून ते त्यांना तेव्हाच कळलं) आणि मला समजावून सांगितलं की हे 65 चे 235 कसे होतात, व्याजावर व्याज कसं चढते, अंगठा कुठं घेतात, दुसरी वही कशी असते. आमच्या पणजोबांचं एक वावर असंच गेलंय. कुठलं, ते मला त्या रात्री पहिल्यांदा माहीत झालं, मी रोज एसटीतून त्याच्या बाजूनं जाते.

मग 'मंथन'. श्याम बेनेगलांचा, 1976 चा, गुजरातच्या दूध सोसायट्यांवरचा. पिक्चर त्यांना आवडलाच, स्मिता पाटील म्हशीजवळ उभी आहे तर "हिले म्हशीची सवय हाये" असं प्रमाणपत्रही देऊन झालं, पण खरी मजा नंतर आली. मी सांगितलं की या पिक्चरला पैसा शेतकऱ्यांनी दिलाय, गुजरातमधल्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये. बाबा उठून बसले. पाच लाख गुणिले दोन, दहा लाख, हे त्यांनी तोंडी केलं, आणि मग बराच वेळ तेच. "म्हणजे मालक शेतकरी?" हो. "मंग पाहाले गेले का थे?" हो, ट्रक भरभरून गेले. 2024 ला हा पिक्चर नीट दुरुस्त करून फ्रान्सला कान फेस्टिवलमध्ये दाखवला हेही सांगितलं पण त्याचं बाबांना काही वाटलं नाही, त्यांचा जीव दोन रुपयांवरच. आपल्याकडे 1972 पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती, सगळ्यांचा कापूस एकाच ठिकाणी जायचा, मग तेव्हा कोणाच्या डोक्यात का नाही आलं की क्विंटलमागं रुपया-दोन रुपये काढून कापूसवाल्यांचा एक पिक्चर काढावा, असं म्हणत होते. मलाही राहून राहून तेच वाटते. ज्यांच्या पैशानं पिक्चर बनतो त्यांची भाषा, त्यांचं वावर त्यात नीट येते. आपले पैसे कशातच नाहीत म्हणून आपण असतो ते फक्त बातमीत.

'सैराट' मात्र मचाणीवरचा नाही, तो 2016 ला तालुक्याच्या टॉकीजमध्ये, बाबा, आई, दादा आणि मी. थेटरात पोट्टे उठून नाचत होते, बाबाही टाळ्या देत होते, हिरोईन अर्चीनं ट्रॅक्टर आणला तेव्हा तर आईनंच शिट्टीसारखा आवाज काढला. आणि मग शेवट, जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोरीच्या घरचेच दोघांना मारून टाकतात. ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहे, आवाजच बंद होतो आणि ते छोटं लेकरू. परतताना ऑटोत कोणी बोललं नाही. जेवणं झाली, बाबा अंगणात बसले आणि म्हणाले, "त्या पोरीच्या बापाजवळ एवढी केळीची बाग, ऊस, सत्ता, मंग त्याले भेव कशाचं होतं?"

या प्रश्नावर आमच्या घरी कितीतरी दिवस वाद चालला. आई म्हणे भेव नाही, नाक. दादा म्हणे जात. बाबा म्हणे जमीन ज्याच्याजवळ जास्त त्याले भेवही जास्त, आपल्यासारख्याचं काय जाते. मी तेव्हा अकरावीत जाणार होते, मी सरळ विचारलं, बाबा तुम्ही असते तर? आईनं माझ्याकडं असं पाहिलं की बस. बाबांनी लगेच उत्तर दिलं नाही, तंबाखू मळत बसले, आणि मग म्हणाले, "राग आला असता. वर्षभर बोललो नसतो. पण लेकरू झालं असतं तं पाहाले गेलो असतो." मला हे उत्तर तेव्हाही आवडलं आणि आजही आवडते, कारण ते खरं होतं. वर्षभर बोललो नसतो हे त्यांनी लपवलं नाही. पुढं माझ्या मैत्रिणीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं तेव्हा तिच्या वडिलांकडे जाऊन बसणारे गावातले पहिले माणूस बाबाच होते.

आता 'गाभ्रीचा पाऊस'. सतीश मनवर यांचा, 2009 चा, गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. तो मी खूप दिवस मोबाईलमध्ये ठेवून दिला होता, लावत नव्हते, कारण त्यात आपलंच आहे. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर अलकाला भीती बसते की आपला किसनाही असं काही करेल, म्हणून ती त्याला गोडधोड करून घालते आणि पोराला सतत त्याच्या मागं पाठवते, बापासोबत राहा, एकटं सोडू नको. तो पोरगा बापाच्या मागं मागं फिरतोय त्या ठिकाणी बाबा म्हणाले, "थांबव."

थर्मासमधून चहा ओतला, मला दिला. म्हणाले, "बोंडअळीच्या साली तू रोज डबा घेऊन वावरात येत जाय."

2017 ची गोष्ट. गुलाबी बोंडअळीनं कापूस पार गेला होता, बोंड फोडलं की आत किडलेलं, आणि त्याच साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. मी बारावीत होते. आईनं फवारणीचं औषध घरातून हलवून काकूकडे ठेवलं होतं आणि मला सांगितलं होतं की कॉलेज सुटलं की सरळ वावरात जायचं आणि बाबांसोबतच परत यायचं. कशासाठी ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही.

"आईनं लावलं होतं ना तुले?" मी हो म्हटलं. "मले मालूम होतं," बाबा म्हणाले. "म्हणून मी तुले काही ना काही काम सांगत होतो, हे उचल, थे आण, का तुले वाटावं बाबा ठीक हाये." मग म्हणाले, लाव पुढं. आणि आम्ही पूर्ण पाहिला.

पिक्चर संपल्यावर त्यांचं म्हणणं एवढंच होतं की किसनानं बायकोला हिशोब सांगायला पाहिजे होता. ती बिचारी त्याच्या तोंडाकडं पाहून अंदाज बांधते, तिला आकडा माहीत असता तर तिनं काहीतरी वाट काढली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चुलीपाशी असताना बाबांनी आम्हा दोघींना सोसायटीचं किती, बँकेचं किती, कृषी केंद्राची उधारी किती ते सगळं सांगितलं. आई म्हणाली मी यापेक्षा जास्त धरून बसली होती.

आणखी एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे तो इथं लिहूनच टाकते. मराठी पिक्चर-सिरीयलीत आपली वऱ्हाडी बोली आली की ती हसवायला येते, घरगडी, वेंधळा मामा, नाहीतर कोणीतरी बावळट. गंभीर बोलायचं असलं की सगळे पुण्याचं बोलतात. म्हणून 2022 ला 'झुंड' पाहताना बाबा एकदम सरसावून बसले, नागपूरची पोट्टी नागपूरसारखीच बोलत होती, शिव्या देत होती, रडत होती, आणि कोणी त्यांना हसत नव्हतं. त्यात फुटबॉल आहे, अमिताभ बच्चन आहे, नागपूरच्या विजय बारसे सरांच्या कामावर तो बेतलाय हे सगळं खरं, पण बाबांना आवडले ते दोघं बापलेक, ज्यात पासपोर्टसाठी ओळखीचा कागद मिळवायला बाप आपल्या पोरीला घेऊन दारोदार फिरतो. "हा अस्सल बाप हाये," म्हणाले, "काही येत नाई त्याले पण संग जाते." त्या सीनवर आम्ही पिक्चरपेक्षा जास्त वेळ बोललो, माझं जातीचं सर्टिफिकेट काढायला त्यांनी किती चकरा मारल्या, कुठं झाडाखाली भाकर खाल्ली, ते सगळं निघालं.

यंदाचा हरभरा बरा आहे, जागल सुरू झालीय आणि मोबाईलमधले पिक्चर संपत आलेत, म्हणून तुम्हालाच विचारते, विदर्भातला किंवा शेतीतला कोणता चांगला पिक्चर माहीत असेल तर कमेंटमध्ये सांगा. मराठी नाहीतर हिंदीच पाहिजे, कारण खालची बारीक अक्षरं बाबांना त्या स्क्रीनवर वाचता येत नाहीत आणि मी वाचून दाखवलं तर ते माझ्याकडं पाहतात, पिक्चरकडं नाही. आणि बाबांची वेगळी फर्माईश आहे. परवा म्हणाले, "शेतकऱ्याचे एवढे पिक्चर दाखवले तुनं, एकातही माल घरी आला नाई. ज्याच्यात पीक चांगलं होते, भाव भेटते आणि माणूस बायकोले लुगडं घेऊन घरी येते असा एखादा आण." मी शोधतेय, मला अजून सापडला नाही. हरभरा सोंगायला महिनाभर आहे, तोवर कोणाला आठवला तर नक्की सांगा.