तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी प्रार्थना केली, तरी सर गेले कसे?

"ताई, तुमच्या घरी रोज प्रार्थना होते, रविवारचं चर्च कधी चुकत नाही. मग सरांच्या वेळी देवानं ऐकलं कसं नाही?" शेजारच्या वहिनींनी हे मला विचारलं आहे. ज्यांच्याबरोबर आयुष्यभर नाइट ड्यूट्या केल्या त्या सिस्टरांनी विचारलं आहे. अलीकडे आमच्याच मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, कॉलेजची मुलं विचारतात, आणि ती अवघड करून विचारतात: देव सर्वसमर्थ आहे, शिवाय प्रेमळ आहे, तर मग गप्प का बसतो? चहा गार होईपर्यंत बोललं तरी माझं सांगणं अर्धंच राहतं. म्हणून आज नीट बसून लिहिते.

माझे मिस्टर मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून घरातही ते सरच झाले. शुगर आणि बीपीनं किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस मागं लागलं. डाव्या हाताला फिस्टुला केला होता, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडली होती. सकाळी उठलं की मी पहिल्यांदा त्यावर बोटं टेकवायची. आत थरथर लागली की समजायचं, रक्त नीट वाहतंय, आजचं डायलिसिस होईल. बोटं तशीच ठेवून मी प्रार्थना करायची. पाणी मापानं द्यावं लागे. आमच्या नगरकडच्या उन्हाळ्यात हा माणूस बर्फाचा एक खडा तोंडात घोळवत दुपार काढायचा, आणि पाण्याच्या माठाकडे बघायचंही टाळायचा.

मंडळीनं काही कमी केलं नाही. साखळी प्रार्थना लावली, दिवसरात्र, एकेका घराकडे एकेक तास. लेंटमध्ये, म्हणजे इस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, बायकांनी उपास-प्रार्थना धरल्या. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, घरी येऊन तेलाचा अभ्यंग केला, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना केली. आम्ही सगळे एकच मागत होतो, सर बरे व्हावेत. सर बरे झाले नाहीत.

त्याच काळात कुणाच्या तरी आग्रहावरून आम्ही एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभेला, गेलो. तिथल्या प्रचारकानं सरांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की घरात कुठलं तरी लपलेलं पाप आहे, नाहीतर विश्वास कमी पडतोय. खरा विश्वास असेल तर मशीन बंद करून दाखवा. मी सरांचा हात धरला आणि आम्ही रिक्षात बसून घरी आलो. यावर मी कुणाचीही भीड ठेवणार नाही. औषध, इन्सुलिन, डायलिसिस बंद करायला सांगणारा माणूस देवाच्या नावानं जिवाशी खेळतो आहे. त्याच्या सभेतून उठून या. आजाऱ्याला घेऊन या.

पापाचं म्हणाल, तर हा हिशेब खुद्द येशूनं मोडीत काढला आहे. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं समजता काय, असं त्यानं विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं: नाही. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात तर हे फार स्पष्ट आहे. ईयोब भला माणूस, तरी त्याच्यावर संकटांमागून संकटं कोसळली. त्याचे तिघे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढं त्यांनी फार चांगलं केलं. मग तोंड उघडलं आणि पानंच्या पानं त्याला पटवत राहिले, की तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव रागावतो तो या धार्मिक बोलणाऱ्यांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाबद्दल तो म्हणतो, की हा माझ्याविषयी बरोबर बोलला.

विश्वास कमी पडतो हे ज्यांना खरंच वाटतं, त्यांनी बायबलमधल्या "प्रेषितांची कृत्ये" या पुस्तकाचा बारावा अध्याय सावकाश वाचावा. सुरुवातीलाच हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब याला तलवारीनं मारतो. एका ओळीत माणूस संपतो. मग तो दुसऱ्या शिष्याला, पेत्राला, पकडतो, मंडळी त्याच्यासाठी कळकळीनं प्रार्थना करते, आणि रात्री देवदूत येऊन पेत्राच्या साखळ्या गळून पडतात. मंडळी जमली होती त्या घरी येऊन पेत्र दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते. आत काय चाललंय? प्रार्थना. आणि ती प्रार्थना करणारी माणसं तिला म्हणतात, तुला वेड लागलंय. मागणाऱ्यांनाच खरं वाटत नव्हतं, तरी पेत्र सुटला! मग विश्वासाच्या वजनावर उत्तर मिळतं हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि याकोब का गेला, पेत्र का राहिला? हे पुस्तक लिहिणारा लूक कारण देत नाही. एकाच अध्यायात दोन्ही लिहितो आणि पुढं जातो. सरांच्या शेजारच्या खाटेवरचा, त्यांच्याच वयाचा माणूस किडनी मिळून घरी गेला. मला त्याचा मनापासून आनंद झाला, आणि त्या रात्री मी हाच अध्याय काढून बसले होते.

म्हणूनच साक्षीच्या वेळेबद्दल माझं एक म्हणणं आहे, आणि ते मी पाळकसाहेबांनाही बोलून दाखवलं आहे. रविवारी कुणी उभं राहून सांगतं, प्रभूनं माझ्या मुलाला वाचवलं. सांगावंच. पण मागच्या बाकावर ती आई बसलेली असते, जिचा मुलगा वाचला नाही. तिलाही उभं राहून सांगता आलं पाहिजे, की मी मागितलं आणि मला मिळालं नाही. पवित्र शास्त्रात तिच्यासाठी जागा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत हाका मारतं, आणि त्याचा शेवट अंधारावर होतो. नेहमीसारखी स्तुतीची ओळ शेवटी येतच नाही. ज्यांनी शास्त्राची जुळणी केली त्यांनी हे स्तोत्र तसंच ठेवलं, कुणी गोड करून लिहिलं नाही. मी सर गेल्यावर बरेच महिने हेच वाचत होते. "परमेश्वर माझा मेंढपाळ" हे दिलाशाचं स्तोत्र माझ्याच्यानं वाचलं जात नव्हतं.

आपल्याकडच्या पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण, तिघं उपासमारीनं गेली. किती उपास, किती अनुष्ठानं, किती तीर्थं करून झाली होती, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा, बिपिनबिहारी मेधावी, पटकीनं गेला. कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आमच्यातले काही जण ही गोष्ट इथंच थांबवतात, जणू त्यानंतर सगळं दुःख मिटलं. मिटलं नाही. ज्या मनोरमेनं रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचा आश्रम, पुढं चालवायचं, ती १९२१ मध्ये, चाळिशीत, आईच्या आधी गेली. तिच्यासाठी केडगावात प्रार्थना झाली नसेल? तिथं तर शेकडो मुली-बायकांची प्रार्थना रोजची. रमाबाई तेव्हा थकलेल्या, कानांनी ऐकू येत नव्हतं. तरी हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. ते काम हातावेगळं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून ते बायबल छापलं.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन भुकेनं मरायला टेकलेल्या मुली केडगावला घेऊन आल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पण म्हणून त्यांच्या आईचा उपाशी मृत्यू चांगला झाला, देवाची ती योजना होती, असं मी म्हणणार नाही. मयताच्या घरी "देवाची इच्छा" म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला त्रास होतो. आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेशी येशूनं असलं काही म्हटलं नाही. लाजराची बहीण मार्था त्याला तोंडावर म्हणाली, आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. तो तिच्यावर रागावला नाही. आणि थोड्या वेळानं तो रडला.

विद्वानांची उत्तरं मला ठाऊक आहेत. माणसाला मोकळीक दिली म्हणून दुःख आलं, दुःखातून माणूस घडतो, आत्ता कळत नाही ते पुढं कळेल. यातलं काहीच खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण डायलिसिसच्या वॉर्डात, खाटेवरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून, यातलं एकही वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

मला धरून ठेवलं ते गेथशेमाने बागेनं, जिथं पकडला जाण्याआधी येशूनं प्रार्थना केली. "अब्बा, बापा, तुला सर्वकाही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर." हे मागणारा पापी नव्हता. त्याचा विश्वास कमी नव्हता. मागितलं तेही बापाकडेच, पुन्हा पुन्हा. प्याला दूर झाला नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर तो ओरडला, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" आणि वरून उत्तर आलं नाही. आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते, वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. सर गेले त्याच्या पुढच्या वर्षी मी हाच, चौथा उद्गार मागून घेतला. एप्रिलचं ऊन, पंखे गरम हवा फिरवताहेत, पांढऱ्या साड्यांनी चर्च भरलेलं. मी एवढंच बोलले: पुत्राची प्रार्थना नाकारली गेली, आणि तो तरीही बापाचा लाडका होता. मग माझी नाकारली गेली, तर सर देवाचे नावडते होते असं मला कुणी सांगू नये. आणि मी "का?" असं ओरडले तर तो अविश्वास आहे, असंही कुणी सांगू नये, तो शब्द येशूच्या तोंडचा आहे. खाली उतरल्यावर एक म्हातारी बाई माझ्याजवळ आली, तिनं माझे दोन्ही हात धरले आणि लग्नाआधी गेलेल्या आपल्या मुलीचं नाव सांगितलं. चर्चमध्ये ते नाव तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं घेतलं होतं.

पुनरुत्थान, म्हणजे येशू मरणातून उठला ते, मी विसरलेले नाही. इस्टरच्या पहाटे कबरस्तानात आम्ही मेणबत्त्या लावतो, गाणी म्हणतो, आणि सरांच्या कबरेपाशी उभी राहून मी ते सगळं खरं मानून म्हणते. पण वधस्तंभाचा शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्यामध्ये शनिवार असतो, आणि कित्येकांचा तो फार लांबतो. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, छापली गेली. तेव्हा जगाला कळलं, की कित्येक दशकं त्यांना प्रार्थनेत देव जाणवतच नव्हता. तरी त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या आणि मग मरणाऱ्यांच्या उशाशी जात होत्या.

मुलं विचारतात, मग अजून प्रार्थना करताच कशाला? कारण सरांनी ती शेवटपर्यंत केली, आणि मी शेजारी बसून ऐकली. शेवटच्या महिन्यांत त्यांनी स्वतःसाठी मागणं जवळजवळ बंद केलं होतं. रात्रीच्या कुटुंब-प्रार्थनेत ते डायलिसिसच्या टेक्निशियन मुलाच्या परीक्षेसाठी मागायचे, समोरच्या खाटेवरच्या मुलीच्या लग्नासाठी मागायचे, नावं घेऊन. दुखत असताना. ते बळ त्यांचं स्वतःचं नव्हतं. मी त्यांना तीस-पस्तीस वर्षं जवळून ओळखत होते. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा काढ म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा राहिला, आणि कृपा पुरेशी आहे एवढंच त्याला सांगितलं गेलं. मला ते वाक्य पूर्वी टाळल्यासारखं वाटायचं. सरांच्या खाटेशी ते मी घडताना पाहिलं.

हल्ली एका बाईंचा फोन आला होता. मुलगा आयसीयूत आहे, आणि म्हणाल्या, आता माझ्या तोंडून प्रार्थना निघत नाही, माझ्यामुळे त्याचं वाईट होईल का? नाही होणार. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात आणि गर्दी म्हणून छप्पर उसकटून त्याला येशूपुढं खाली सोडतात. तिथं लिहिलंय, की येशूनं "त्यांचा विश्वास" पाहिला. खाटेवरच्याच्या विश्वासाची चौकशी त्यानं केली नाही. तुम्हांलाही जमत नसेल, तर राहू द्या. आमची बायकांची प्रार्थना दर बुधवारी दुपारी असते, कुठल्याही धर्माच्या माणसाचं नाव आम्ही घेतो. फक्त नाव कळवा, दुखणं काय ते सांगायची गरज नाही.